पुलावर छप्पर कोणासाठी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या खेड्यांवरचा लेख वाचला. ‘त्या देशात जपण्यासारखं जुनं काही नाही’ हे वाक्य खटकलं. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मुलाकडे गेलो होतो तेव्हा इंडियाना राज्यातल्या पार्क काउंटीत दोन दिवस फिरलो. काउंटी म्हणजे नावाला जिल्हा. वस्ती जेमतेम 16 हजार. आणि एवढ्याशा मुलखात छपराचे 31 लाकडी पूल!

वाटसरू भिजू नयेत म्हणून छप्पर, असं लेखात म्हटलंय. तसं नाही. छप्पर लाकडासाठी. भार पेलणाऱ्या तुळयांत आणि कमानींत पाणी मुरलं की त्या काही वर्षांत कुजतात. वर छप्पर घालून बाजूंनी फळ्या ठोकल्या की तोच पूल शंभरी पार करतो. आपल्याकडे कौल फुटलं की खालचा वासा गेलाच म्हणून समजायचं, हिशेब तोच. जोसेफ डॅनियल्स यांनी 1861 मध्ये बांधलेल्या जॅक्सन पुलावरून अजून मोटारी जातात, एका वेळी एक. इथल्या पुलांच्या तोंडावर रंगवलेलं दिसतं: पूल सावकाश चालत ओलांडा. सूचना घोडेवाल्यांना. टापांचा ठेका धरला की सांगाडा हादरतो.

ब्रिजटनचा पूलही डॅनियल्स यांचाच, 1868 चा. ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत त्याचं नाव होतं. 28 एप्रिल 2005 रोजी कोणीतरी तो पेटवून दिला. त्या यादीचा आपण फार बाऊ करतो. ती मान देते, राखण करत नाही. खासगी मालकाला स्वतःच्या खर्चाने वास्तू पाडायची असली तर अडवतही नाही. पुढे गावकऱ्यांनी लाकूड दिलं, पैसे दिले, अंगमेहनत केली, आणि 2006 मध्ये त्याच जागी त्याच घडणीचा पूल उभा राहिला. ‘म्हणजे नक्कलच,’ असं मी मुलाला म्हणालोही. मग आत जाऊन सांधे पाहिले. दोन कमानींनी मधल्या खांबांना दोन्ही अंगांनी कवटाळलेलं. हे काम नुसत्या नकाशावरून होत नाही, त्याला सुताराचा हात लागतो. मी शब्द मागे घेतला.

शेजारची गिरणी अजून दगडावर मका दळते. पीठ घेऊन आलो. भाकरी थापताना तुटली, तो दोष माझ्या हाताचा.

1957 पासून दर ऑक्टोबरला तिथे दहा दिवस पुलांचा उत्सव भरतो. जत्राच ती! खाण्याचे गाळे, जुन्या सामानाचा बाजार. पूल बरेचदा फोटोपुरते. त्या गजबजाटात एक गोष्ट मला कुठे ऐकू आली नाही. 1809 च्या फोर्ट वेनच्या तहाने मायामी, डेलावेर, पोटावाटोमी या तिथल्या मूळनिवासी जमातींकडून सुमारे 30 लाख एकर जमीन घेतली गेली. तिची हद्द याच काउंटीतून जाते. सकाळी दहाच्या सावलीवरून ती आखली, अशी आख्यायिका आहे. म्हणून नाव ‘दहा वाजताची रेषा’. तेव्हा ‘जुनं’ मोजायचंच असेल तर पुलांच्याही मागे जावं लागेल.

ते लेखकांनी सवडीने करावं. छपराची दुरुस्ती मात्र येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता, सातारा