कास्तेलाची मिशी

प्रिय सुध्या,

आठ महिने पत्र नाही. फोन तूच केलास दोनदा, आणि दोन्ही वेळा मी ‘मशिनवर आहे, नंतर करतो’ म्हणालो. शिव्या एकदम दे, हप्त्याने नको. शुगर ठीक, गुडघा तसाच.

मी मिशी काढली.

हसून घे, मग पुढे वाच. आक्काने दार उघडलं आणि ‘कोण गेलं रे?’ म्हणत मटकन सोफ्यावर बसली. चिनू व्हिडिओ कॉलवर म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आजीसारखे दिसताय.’ जावई सभ्य आहे, तो कॅमेऱ्याबाहेर जाऊन हसला.

फिल्म क्लबातला तो फ्रेंच सिनेमा आठवतो? आन्येस झावीचा, ‘ल गू देझोत्र’, दुसऱ्यांची आवड. 2000 सालचा. तिचं पहिलंच दिग्दर्शन आणि चार सेझार पुरस्कार, हे तू घोकून आला होतास आणि दिवे गेल्यावरही माझ्या कानात सांगत होतास. त्यातला कारखानदार कास्तेला, म्हणजे नट बाक्री. इराणी पार्टीशी सौदा आहे म्हणून इंग्रजी शिकायचं, तर शिकवायला आलेल्या बाईला, क्लाराला, हा वाटेला लावतो. मग भाचीचं नाटक म्हणून पाय ओढत रासिनचं ‘बेरेनिस’ बघायला जातो, आणि स्टेजवर तीच बाई! गडी खलास. शिकवणी सुरू, मिशी गुल. अमृततुल्यात बसून आपण किती हसलो होतो. ‘हा भोसरीचा शेठ’ म्हणाला होतास तू त्याला. तेव्हा माझं भोसरीत वर्कशॉप नव्हतं हे नशीब.

तर भोसरीच्या शेठने जूनपासून मोडीचा वर्ग लावलाय. आजोबांच्या पेटीतले कागद वाचता यावेत, एवढंच मनात होतं, सुमाची शपथ. शिकवायला बाई आहेत. पन्नाशीच्या, एकट्या, आवाज अगदी हळू. पहिल्या दिवशी फळ्यावर आधी आडवी रेघ ओढली या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि म्हणाल्या, ‘आता अक्षरं टांगायची. हात उचलायचा नाही.’ एवढंच. एकदा कुठल्याशा सरदाराचं चित्र दाखवताना सहज म्हणाल्या, ‘मिशांमुळे यांचा चेहराच कळत नाही.’ पुढचं तू ओळखलंसच.

वर्गातली पोरं पीएचडीवाली. चहाला माझी फिरकी घेतात आणि मला ते बसमध्ये बसल्यावर कळतं. कास्तेला क्लाराच्या त्या कलाकार मित्रांच्या टोळक्यात बसतो, ते त्याची टर उडवतात आणि हा त्यांच्याबरोबर हसतो. तेव्हा मीही हसलो होतो, त्या टोळक्याच्या बाजूने.

गेल्या रविवारी पुन्हा पाहिला. आपलं भांडण त्या चित्रांवरून झालं होतं, नाही का? तो क्लाराच्या मित्राची चित्रं विकत घेतो, कारखान्याच्या भिंतीचं कामही देतो. तू म्हणालास, सगळं तिच्यासाठी, ढोंग. मी म्हणालो, आवडली असतील रे. तू ऐकलं नाहीस, आणि चहाचे पैसे मलाच द्यायला लावलेस. अरे, सिनेमातच उत्तर आहे! क्लारा त्याला सांगायला येते की ते लोक तुम्हाला लुबाडतायत. तिला वाटतं हा आपल्यावर छाप पाडायला घेतोय. तेव्हा त्याचा चेहरा बघ पुन्हा. मला ती चित्रं आवडली असतील, हे तुमच्या मनातसुद्धा आलं नाही? एवढंच त्याला लागतं. चहाचे पैसे परत कर.

माझी पंचाईत तीच आहे. परवा आजोबांचा एक कागद लागला. बैलाच्या खरेदीचा. ‘उजवे शिंग मोडके’ एवढी ओळ वाचायला दोन तास गेले, आणि रात्री साडेबाराला मी एकटा टाळ्या वाजवत होतो. यात बाई कुठे होत्या? पण दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन धावलो तो बाईंकडेच. आक्का म्हणते, ‘या वयात लिपी कोण शिकतं? आम्हाला काय दिसत नाही?’ तिने नागपूरच्या मामींना आधीच फोन केलाय, म्हणजे गाव जमा.

आता खरं सांगतो. कास्तेला टीरूममध्ये क्लाराला मोडक्या इंग्रजीत स्वतःची कविता वाचून दाखवतो, आठवतं? मी चार ओळी मोडीत लिहून बाईंना दिल्या. कविता नाही, तेवढी अक्कल आहे. रविवारी चहाला याल का, एवढंच. गृहपाठाच्या वहीत घालून दिल्या, हा माझा भेकडपणा.

वही परत आली. तीन शब्दांना लाल गोल. एका ठिकाणी ‘हात उचललात’. आणि खाली त्यांच्या भरधाव मोडीत एकच शब्द, जो मला लागत नाही. कधी ‘नको’ दिसतो, कधी ‘नंतर’. वर्गात कुणाला दाखवणार? आणि बाईंना विचारायचं तरी कसं?

तुझ्या घराचा स्लॅब पडला का? वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं असेलच. ऋषीला नोकरी लागल्याचं कळलं, पेढे बाकी आहेत.

तुला तात्यांनी मोडी शिकवली होती, छडी घेऊन. झेरॉक्स सोबत आहे. चष्मा लाव, उजेडात धर आणि फोन कर. मशिनवर असलो तरी उचलेन. आणि ‘नको’च असेल, तर आधी पाच मिनिटं स्लॅबबद्दल बोल.

तुझा,
अव्या