सुधाकरास पत्र : व्हिएतनामचं जुनं भांडण

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, भेटशील तेव्हा शिव्या घाल. इकडे सगळे ठीक. गुडघा आहे तसाच.

लिहायला बसलो, कारण काल चर्चासत्रात एका तरुण अभ्यासकाने तुझं ठेवणीतलं वाक्य जसंच्या तसं ठोकलं : "भाव मोकळे करा, माल आपोआप येतो. व्हिएतनाम बघा!" टेबलावर हात आपटायची लकबसुद्धा तुझीच. अण्णा असते तर म्हणाले असते, सुध्याचा मानसपुत्र आला.

पण सुध्या, माल आपोआप आला नव्हता रे. 1985 च्या सप्टेंबरात व्हिएतनामच्या सरकारने हेच करून पाहिलं. सरकारी भाव बाजारभावाजवळ नेले आणि त्या बदल्यात पगार वाढवले. वाढीव पगार आणि सरकारी कारखान्यांचा तोटा भरायला तिजोरीत पैसा नव्हता, तो छापला. दुकानांत माल मात्र तेवढाच. त्यातच नोटाबदली : दहा जुन्या डाँगला एक नवा, आणि रोख बदलून मिळायची ती ठरावीक मर्यादेपर्यंतच. एकदा असा चटका बसल्यावर घरात नोटा कोण ठेवील? लोक सोनं, डॉलर, तांदूळ साठवू लागले. हातात आलेली नोट त्याच दिवशी खपवायची, म्हणजे भाव आणखी वर. 1986 मध्ये महागाई 700 टक्क्यांच्या पुढे गेली. 'दोइ मोइ'ची, म्हणजे त्यांच्या आर्थिक सुधारणांच्या धोरणाची, घोषणा त्या डिसेंबरातली, म्हणजे हे सगळं भोगून झाल्यावरची.

1989 साली भाव मोकळे करणं जमलं, कारण त्याआधी एप्रिल 1988 मध्ये ठराव क्रमांक 10 झाला होता. सहकारी शेतीतली जमीन कुटुंबांना लांब मुदतीने कसायला मिळाली आणि पिकाचा मोठा वाटा त्यांच्याकडे राहिला. त्याच वर्षी उत्तरेकडच्या प्रांतांत उपासमार होती, सरकार बाहेरून मदत मागत होतं. पुढच्याच वर्षी त्या देशाने सुमारे 14 लाख टन तांदूळ निर्यात केला. भाव मोकळे झाले तेव्हा बाजारात आणायला धान्य होतं. तुझ्या वाक्यातून नेमकं हेच गळतं, आणि कॅन्टीनमध्ये आपण यावरच भांडलो त्या रात्रीही गळलं होतं. (चहाचे पैसे मीच दिले होते, हे मंदाला विचार.)

दुसरी गोष्ट व्याजाची. मार्च 1989 मध्ये तीन महिन्यांच्या ठेवीवर महिन्याला 12 टक्के व्याज जाहीर झालं. चक्रवाढीने वर्षाला 290 टक्क्यांच्या आसपास! आता नोट बँकेत ठेवणं तांदळाच्या पोत्यापेक्षा फायद्याचं ठरलं. साठवलेला माल बाहेर आला, अधिकृत आणि काळ्या बाजारातला डॉलरचा दर जवळ आला, आणि डिसेंबर ते डिसेंबर महागाई 40 टक्क्यांच्या आत आली.

माझी खरी काळजी याच्या पुढची आहे. ठेवीदाराला जास्त व्याज, पण सरकारी कारखान्याला कर्ज त्याहून कमी दराने. मधला फरक बँकेच्या बोकांडी, म्हणजे शेवटी पुन्हा छापखान्यावर. 1990 मध्ये पतसंस्था धडाधड कोसळल्या. जुन्या ठेवीदाराचं व्याज नव्याच्या ठेवीतून देणाऱ्याही त्यांत होत्या. त्या वर्षी आणि 1991 मध्येही महागाई पुन्हा 60 टक्क्यांच्या वर. सोव्हिएत मदत आटली तीही त्याच सुमारास.

म्हणून कालच्या पोराला विचारलं, "भाव मोकळे केल्यावर तोट्यातल्या कारखान्याचा पगार कोण देणार?" तो म्हणाला, "बाजार ठरवेल." अरे, बाजार नाही ठरवत! महिनाअखेरीस मंत्र्याचा फोन बँकेला जातो आणि कर्ज मंजूर होतं. हा फोन बंद करायचा तर कारखान्यातून बेकार होणाऱ्यांची भरपाई आधी अर्थसंकल्पात उघड मांडावी लागते. तेवढं करायला कुणी तयार नसतं, आणि भाव मोकळे करणं सोपं, ते एका परिपत्रकात होतं. ही पोरं उद्या कुठल्या ना कुठल्या सरकारला सल्ला देणार, म्हणून झोप लागली नाही.

तुझी बदली झाली का? धाकटीचा निकाल? वहिनींना नमस्कार.

यावर तू चिडणार हे नक्की. उत्तर सविस्तर लिही, पण कारखान्यांना दिलेल्या कर्जाचे आकडे समोर ठेवून.

तुझा,
बाळ्या