मागच्या सीटचे बकल कुठे गेले? परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

रस्ता सुरक्षा अभियान आले की पुण्यातल्या शाळा-कॉलेजांत घोषवाक्ये, चित्रकला स्पर्धा आणि शपथ ठरलेली. तीच मुले रविवारी सिंहगडाला नाहीतर लोणावळ्याला निघतात आणि मागच्या सीटवर बसतात. तिथे सीटबेल्टचा पट्टा लोंबत असतो, तो ज्यात खट्कन अडकवायचा ते बकल मात्र सापडत नाही. नव्या गाडीला रेक्झिनची कव्हरे चढवताना बकले सीटच्या फटीत दबून जातात. ती वर ठेवायची तर कव्हराला नेमक्या जागी चिरा देऊन कडा शिवाव्या लागतात. गिऱ्हाईक विचारत नाही, मग कारागीर कशाला तो वेळ घालवेल?

दंडाचा धाक या वयापर्यंत पोचतच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार पट्टा न लावलेल्या प्रवाशापोटी १,००० रुपये भरायचे ते गाडी चालवणाऱ्याने. मागे बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला त्याची झळ काय लागणार! त्याची कारणे वेगळीच असतात: शर्ट चुरगळतो, मागे चौघे दाटीने बसलेत, किंवा पुढच्या दोन सीटांच्या मधून डोके घालून गाणी बदलायची आहेत. या शेवटच्या मुलाच्या पुढ्यात अडवायला काहीच नसते, थेट समोरची काच.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. या वेगाने भिंतीवर आदळणे आणि १० मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडणे, सारखेच. गाडी जागीच थांबली तरी मागचे ६० किलोंचे मूल त्याच वेगाने पुढच्या सीटच्या पाठीवर जाते. पुढे आई बसलेली असेल तर तिला समोरून एअरबॅग आणि मागून स्वतःचे मूल. ‘एअरबॅग आहे ना’ हे उत्तर आम्हाला रोज ऐकू येते. पण ती सेकंदाच्या काही शतांशात उघडते आणि शरीर तिच्यापासून योग्य अंतरावर असेल असे धरून बनवलेली असते. ते अंतर पट्टाच राखतो.

लावण्यातही चुका होतात. खालचा पट्टा पोटावर घ्यायचा नाही, मांड्यांच्या मुळाशी, कमरेच्या हाडांवर बसवायचा. पोटाला हाडाचे कवच नाही. धक्क्याचा जोर थेट आतड्यांवर आणि यकृतावर येतो. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध हवा. तो टोचतो म्हणून काखेखालून घेतला तर बरगड्या मोडतात. उंची १४५ सेंटीमीटरच्या आसपास नसेल तर पट्टा मानेवर येतो, तेव्हा खाली बूस्टर सीट, म्हणजे मुलाला उंच बसवणारी जादा बैठक, द्यावी. सॅक मांडीवर ठेवून वरून पट्टा नको, पट्ट्याला पीळ नको. पुढची सीट पाठ टेकून आडवी केली आणि पाय डॅशबोर्डवर टाकले, की धडकेत शरीर पट्ट्याखालून सरकते. लावलेला पट्टाही मग वाया. बसल्यावर एकदा हिसका द्यावा. पट्टा जागीच अडकला पाहिजे, नाही अडकला तर यंत्रणा दाखवून घ्यावी.

आता मागण्या. टॅक्सी आणि स्कूल व्हॅनच्या फिटनेस तपासणीत मागचे प्रत्येक बकल हाताने लावून पाहावे. कव्हराखाली गेलेले बकल नापास. कव्हर बसवणाऱ्या दुकानांना बकलासाठी चीर ठेवणे सक्तीचे करावे. पट्टा न लावताच बकलात खोचून सीटबेल्टचा अलार्म गप्प करणाऱ्या क्लिपा विक्रीतून काढून टाका, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ऑनलाइन कंपन्यांना बजावले. कोपऱ्यावरच्या अ‍ॅक्सेसरी दुकानातल्या क्लिपाही बंद व्हाव्यात.

शाळांत आरएसपी, म्हणजे विद्यार्थ्यांचे रस्ता सुरक्षा पथक, आहेच. पुढच्या अभियानात शपथेऐवजी मैदानात एक साधी गाडी उभी करा. मुलांनी मागे बसून डोळे मिटून पट्टा शोधावा, लावावा आणि काढावा. अंधारात घाटात बसतात, तेव्हा बकल हातालाच शोधावे लागते.

आपले,
पुण्यातील काही मोटार मेकॅनिक व ड्रायव्हिंग प्रशिक्षक