वेरूळ क्रमाने पाहू नका

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला वेरूळवरचा लेख वाचला. छपाई सुरेख, फोटो त्याहून सुरेख. पण ‘सकाळी लवकर निघा, एक नंबरपासून क्रमाने पाहत जा, जेवणापर्यंत सगळे आटोपते’ हा सल्ला वाचून राहवेना. त्याप्रमाणे गेलेल्या माणसाच्या वाट्याला वेरूळचा निम्मा भागसुद्धा येणार नाही.

मुळात क्रमांकांचा काळाशी संबंध नाही. ते दक्षिणेकडून उत्तरेकडे, डोंगराच्या पायथ्याने ओळीत घातले आहेत. बारापर्यंत बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. एकवीस आणि एकोणतीस नंबरची लेणी सहाव्या शतकातली, म्हणजे राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या कैलास मंदिराच्या सुमारे दोनशे वर्षे आधीची. एकपासून मोजत निघालेला माणूस सोळाव्या नंबरला, कैलासाशी, थकून पोचतो. मग फोटो काढून परत फिरतो आणि ही जुनी, फार मोलाची लेणी राहून जातात.

दुसरी चूक उजेडाची. बहुतेक लेण्यांची तोंडे पश्चिमेला आहेत. कैलासाच्या मागचा कडा शंभर फुटांहून उंच, त्यामुळे सकाळी अंगण त्याच्याच सावलीत असते. म्हणून सुरुवात एकोणतीसपासून, डुमार लेण्यापासून करा. ते तीन बाजूंनी उघडे आहे, सकाळीही आत दिसते. पावसाळ्यात मात्र शेजारचा धबधबा सुरू असतो आणि पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा तळवा गुळगुळीत झालेली चप्पल नको. तिथून मागे एकवीस, मग पंधरा. पंधराव्या लेण्याच्या वरच्या मजल्यावर पायऱ्यांच्या कंटाळ्याने कुणी चढत नाही, आणि नेमका तिथेच खांब फोडून निघालेला नरसिंह आहे. कैलास दुपारी तीननंतर, आणि त्याला किमान दीड तास.

अंधाऱ्या दालनात शिरलात की दोन-तीन मिनिटे नुसते उभे राहा, डोळे सरावू द्या. मोबाइलचा टॉर्च समोरून मारला की शिल्प सपाट दिसते. हात लांब करून तो बाजूने धरा, म्हणजे सावल्या पडतात आणि बोटे, दागिने, ओठांची कड उठून येते. फ्लॅश नको.

सकाळी एकोणतीसमध्ये कैलास पर्वत हलवणारा रावण नीट पाहून ठेवा. तोच प्रसंग कैलासात दक्षिण अंगाला, खाली आहे. तिथला रावण दगडातून जवळजवळ सुटा कोरलेला, वर पार्वती शंकराला बिलगलेली आणि मागे एक दासी घाबरून पळत सुटलेली. शंकराने फक्त पायाचा अंगठा दाबला आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहिले, की मधल्या दोनशे वर्षांत कारागीर कुठून कुठे गेला ते कळते. लेखात याबद्दल एक ओळ हवी होती. ती जागा ढाब्यावरच्या थाळीच्या वर्णनाला दिली गेली.

मंगळवारी वेरूळ बंद असते, हेही लेखात नाही. अजिंठा सोमवारी बंद. लांबून येणारी कुटुंबे नेमकी इथेच फसतात.

आणि फोटोखालची ओळ. एकविसाव्या लेण्याच्या ओसरीतल्या देवीला ‘यमुना’ म्हटले आहे. तिच्या पायाखाली मगरीसारखा मकर स्पष्ट दिसतो. मकरावर उभी ती गंगा. यमुना कासवावर, त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आहे. ही दुरुस्ती येत्या रविवारच्या पुरवणीत, त्याच पानावर छापावी.

आपला,
एक नियमित वाचक
छत्रपती संभाजीनगर