बाबांच्या दाढेसाठी

टोरोंटो

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

दाढेचा विषय निघाला की तुम्ही फोन आईच्या हातात देता, म्हणून लिहूनच पाठवते. रूट कॅनल होऊन तीन दिवस झाले तरी घास चावला की मस्तकात कळ जाते, असं आई म्हणाली. नस काढूनही दुखतंय म्हणजे काम बिघडलं, आता दाढच उपटून टाकतो, असं तुम्ही म्हणताय. बाबा, एवढ्यात तसं करू नका.

नस काढली ती दाढेच्या आतली. पण दाढ हाडात बसते ती मुळाभोवतीच्या बारीक तंतूंच्या आधाराने, आणि त्या भागाला स्वतःची संवेदना असते. मुळाच्या टोकापर्यंत साफसफाई होताना तो भाग दुखावतो, सुजतो. म्हणून एरवी बरं वाटतं आणि दाब पडला की कळ येते. पहिले एक-दोन दिवस ठणका जास्त, मग तो उतरत जातो. आठवडाभर थोडं हुळहुळणं राहू शकतं. आज कालपेक्षा कमी आहे का, एवढं मला खरं सांगा. कमी होत असेल तर धीर धरा. वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा, वाट पाहू नका.

आणखी एक बघा. तोंड मिटताना तीच दाढ आधी टेकते का? गेल्या वर्षी माझं तसंच झालं होतं. वरचं सिमेंट केसभर उंच राहिलं होतं आणि प्रत्येक घासाला सगळा भार त्या एकाच दाढेवर पडत होता. मी पाच दिवस सोसलं. शेवटी गेले तर डॉक्टरांनी निळा कागद चावायला दिला, खूण उमटली तिथे थोडं घासलं, आणि दुसऱ्या दिवसापासून उतार पडला. दोन मिनिटांचं काम होतं. ते पाच दिवस मी उगाच काढले, तुम्ही काढू नका.

आता गोळ्या. शेजारच्या काकांनी दिलेली कॉम्बिफ्लाम कृपा करून घेऊ नका. तिच्यात ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असतं. दाढदुखीवर ते चांगलंच लागू पडतं, मी स्वतः तेच घेतलं होतं. पण तुमची बीपीची आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. त्यांच्यासोबत आयबुप्रोफेन घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती, शिवाय बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. त्याच गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही आहे; वर डोलो ६५० घेतली की तेच औषध दोनदा पोटात जातं. धडधाकट माणसालाही चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल चालत नाही, तुमच्या वयाला मर्यादा त्याहून कमी. तेव्हा नुसतं पॅरासिटामॉल, तेही किती आणि किती वेळाने, हे डॉक्टरांना विचारूनच. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. आणि कपाटातली उरलेली अँटिबायोटिक तर नकोच. तिने ठणका थांबत नाही.

लवंगेचं तेल थेट हिरडीला लावू नका, हिरडी भाजते. कोमट पाण्यात मीठ टाकून हलक्या गुळण्या करा. झोपताना दोन उशा घ्या. आडवं पडलं की ठणका जास्त जाणवतो. जेवण दुसऱ्या बाजूने, आणि आईच्या हातचा मऊ मेतकूट-भात आहेच.

गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर. दवाखाना बंद असला तर सरळ केईएमची कॅज्युअल्टी, लालबागहून टॅक्सीने कितीसा वेळ! श्वासाला जरा जरी अडचण वाटली तर कोणाला विचारत बसू नका, निघा.

दाढ काढण्यामागे कॅपच्या खर्चाचा विचार आहे, हे आईने न सांगताही मला कळलं. रूट कॅनल केलेली दाढ कॅपशिवाय चावताना तडकू शकते, म्हणून ठणका गेला तरी कॅप टाळायची नाही. पैसे आजच आईच्या खात्यात टाकलेत. रविवारी तुमच्या संध्याकाळी साडेसातला फोन करते. तो तुम्हीच उचला.

तुमची लेक