बाबांसमोर खुर्ची ओढून बसलेल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव माहीत नाही, म्हणून आभार असे सगळ्यांसमोरच मानते.

माझे बाबा लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. बाबा कणकवलीला गेले, शेती पुरेना म्हणून परत आले, वॉचमन झाले. गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या गेटवरही त्यांनी पाळ्या केल्या.

गिरणी कामगारांसाठीच्या घराला १९८२ सालचा कामावर असल्याचा पुरावा हवा, म्हणून आम्ही कचेऱ्यांत फिरत होतो. तुमच्या आधीच्या खिडक्यांवर त्यांना काय ऐकावं लागलं! "आजोबा, बहिरे आहात का?" हो, आहेत. साच्यांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं काढलेला माणूस आणखी कसा असणार? कामगारांच्या नावाने भाषणं ठोकणारे पुढारीही तिथेच चहा पीत बसले होते. एकाने मान वर केली नाही.

तुम्ही खिडकीमागून उठून बाहेर आलात. समोर खुर्ची ओढलीत आणि आवाज जराही न चढवता, ओठ नीट हलवत विचारलंत, "काका, कुठलं खातं?"

साचेखात्यात सगळे ओठ बघूनच बोलायचे. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? तुमच्या घरी कुणी होतं का गिरणीत?

"साचेखातं. आधी दोन साचे, मग चार," बाबा पटकन म्हणाले. आणि मग थांबेनात. गैरहजर कामगाराच्या जागी बदलीचं काम मिळेल म्हणून पहाटे गेटवर उभं राहणं, ते काम देणाऱ्या जॉबरची म्हणजे मुकादमाची मर्जी, पाळीपाळीने झोपायचा तो गाळा, खाणावळवाल्या मावशींनी संपात पैशांसाठी न लावलेला तगादा. आईच्या पाटल्या तेव्हाच गेल्या, हे मला त्या दिवशी तुमच्यासमोर कळलं. संपावर मी पुष्कळ वाचलंय, पण घरात हा विषय कधी निघालाच नव्हता. तुमच्यामागे रांग होती, तरी तुम्ही घड्याळ पाहिलं नाहीत.

कागद मिळाला, त्याचेही आभार आहेतच. पण बाबा आता रोज काहीतरी सांगतात आणि मी वहीत लिहून ठेवते. अशी चार माणसं प्रत्येक कचेरीत असती, तर कितीतरी म्हातारे कामगार मान खाली घालून परत गेले नसते.

बाबा सारखं विचारतात, "त्या पोरीचं गाव कुठलं?" तेवढं कळवा.