अंजिराच्या काड्या घरात पेल्यांमध्ये लावताना: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

सासवडच्या मळ्यातल्या जुन्या अंजिराची रोपं करायची ठरलीच आहेत, तर ती या थंडीतच करा आणि मळ्यात नको, घरात करा. मळ्यातली माती पिशवीत भरून काडी खोचली, की मातीतले सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, कोवळ्या मुळ्यांत शिरतात, जानेवारीचा कोरडा वारा काडी सुकवतो, आणि रोज पाणी बघायला तिकडे जायचं कोणी? बी पेरण्यात अर्थ नाही. बियांपासून आलेलं झाड मूळ झाडासारखं निघत नाही. काडी मात्र तेच झाड असते.

बाबा, पानगळ झाली की काड्या काढा. मागच्या वर्षीच्या वाढीच्या, पेन्सिलीइतक्या किंवा थोड्या जाड, १५ ते २० सेंटिमीटर लांब, तीन-चार डोळे असलेल्या. हिरवा, लिबलिबीत शेंडा घेऊ नका, तो हमखास कुजतो. सालीवर बारीक भोकं दिसली तर ती फांदी सोडा, आत किडा असतो. ज्या फांदीच्या पानांवर उन्हाळ्यात पिवळे चट्टे होते तीही नको, कारण मोझॅकचा विषाणू काडीतून थेट नव्या रोपात येतो. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या, मुळ्या तिथेच जास्त फुटतात. वरचा काप डोळ्याच्या दीड सेंटिमीटर वर. दोन झाडं हवी असतील तर दहा काड्या लावा.

हातमोजे घातल्याशिवाय सिकेटर (फांद्या कापायची कात्री) हातात घ्यायचं नाही. अंजिराचा चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात. काम संपलं की हात साबणाने धुवा.

चीक सुकायला काड्या दिवसभर सावलीत ठेवा. मग भांड्यांच्या साबणाने, मऊ ब्रशने डोळ्यांभोवतीची धूळ काढा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि पुसा. लगेच लावायच्या नसतील तर किंचित ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. दोन महिने सहज टिकतात.

आता पेले. एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या पेल्यांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, म्हणून पाण्याच्या एक लिटरच्या रिकाम्या बाटल्याच तळापासून १४-१५ सेंटिमीटरवर कापा. पारदर्शकच हव्यात, कारण मुळ्या दिसल्याशिवाय पुढचा निर्णय घेता येत नाही. तळाला सात-आठ आणि बाजूंना खाली चार भोकं गरम सुईने पाडा. बाहेरून वर्तमानपत्राची काढता येईल अशी नळी बसवा. उजेड आत गेला तर शेवाळ धरतं.

भरायला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), मापाने निम्मं-निम्मं. कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून ते तीनदा पाण्यातून पिळून काढा. शेणखत, गांडूळखत अजिबात नको. मुळ्या नसलेल्या काडीला खत खाता येत नाही, त्यावर बुरशी मात्र पोसते. मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर एखादा थेंब यावा. धार लागली तर ते ओलं आहे, पसरून वाळू द्या. बहुतेक काड्या इथेच मरतात, कोरडेपणाने नाही. तळाला पाणी साचलं की हवा संपते, खालचा काप काळा पडतो आणि कूज वर चढते.

काडीच्या खालच्या तीन सेंटिमीटरवर नखाएवढ्या दोन उभ्या चिरा द्या, हिरवा थर दिसेपर्यंतच. मुळ्या फुटायला लावतात ती पावडर असली तर लावा, पण अंजिराला तिच्यावाचून अडत नाही. वरचा एक डोळा बाहेर ठेवून बाकी काडी पुरा आणि मिश्रण हलकं दाबा.

आई, तुझा स्वयंपाकघरातला काटा इथे उपयोगाचा. प्रत्येक पेला भरल्यावर वजन कर आणि मार्करने त्यावरच लिही. समजा ३०० ग्रॅम भरला, तर २५० होईपर्यंत पाणी द्यायचं नाही. हे पेले झाकणबंद डब्यात ठेवायचे आहेत, त्यात पहिले तीन आठवडे पाण्याची बहुधा गरजच पडत नाही. पडलीच तर दोन-तीन चमचे, पेल्याच्या कडेने, काडीच्या बुंध्याशी नाही.

डबा ४०-५० लिटरचा, पारदर्शक, झाकणाचा. तळाला जाळी किंवा उलटी झाकणं ठेवून त्यावर पेले. भरलेला डबा दोघांपैकी कोणीही उचलायचा नाही. आधी रिकामा डबा जागेवर ठेवा, मग पेले आत मांडा. जागा कमरेच्या उंचीची, उजेडाची, पण थेट उन्हाची नाही. बंद डबा उन्हात भट्टीसारखा तापतो. २२ ते २७ अंश उत्तम. रोज एकदा पाच मिनिटं झाकण उघडा. भिंतींवर धुकं असलं तर ठीक, थेंब ओघळत असले तर डबा अर्धा तास उघडा ठेवून पुसून घ्या.

दोन-तीन आठवड्यांत पानं येतील, आणि इथेच घाई होते. पानं काडीत साठलेल्या अन्नावर येतात, मुळ्या नसतानाही. त्या भरात पेला बाहेर काढला तर दोन दिवसांत पानं लोंबतात. मुळ्या साधारण तीन ते पाच आठवड्यांत पेल्याच्या भिंतीला दिसतात. पहिली मुळी दिसली तरी थांबा. तिला फाटे फुटले की पुढचं पाऊल. पानाच्या बेचक्यात इवलं अंजीर आलं तर खुडून टाका, ते काडीचं अन्न खातं.

सालीवरचे पांढरे टणक ठिपके म्हणजे बुरशी नाही, ती सालीची श्वासाची रंध्रं फुगलेली असतात. बुरशी कापसासारखी, केसाळ दिसते. ती ओल्या फडक्याने पुसा आणि डबा जास्त वेळ उघडा. फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघितलं की फरक कळतो. मुळ्या पांढऱ्याच्या तपकिरी झाल्या तरी घाबरू नका. बोटाला मऊ लागून साल सुटली, तर मात्र कूज. चिलटं दिसली तर पिवळा चिकट कागद लावा आणि वर सेंटिमीटरभर कोरडी वाळू पसरा, त्यांच्या अळ्या मुळ्यांची टोकं कुरतडतात.

बाहेरच्या हवेची सवय आठ-दहा दिवसांत लावा: आधी झाकण बोटभर तिरकं, मग अर्धं, मग पूर्ण काढून. पानं मलूल झाली की एक पायरी मागे. नंतर पेला कात्रीने उभा कापून, मुळ्यांचा गोळा न फोडता चार-पाच लिटरच्या कुंडीत लावा. माती, वाळू, गांडूळखत समभाग. दोन आठवडे सावलीत, मग सकाळचं तासभर ऊन. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर ही रोपं मळ्यात जातील. खड्डे पाच मीटर अंतराने, आणि ते गड्याकडून मेमध्येच खणून घ्या.

बाबा, काड्या कापल्या की खालच्या कापाचा जवळून फोटो पाठवा. आतला भाग हिरवट-पांढरा आणि ओलसर दिसला पाहिजे. तपकिरी असेल तर ती काडी धुवायच्या आधीच बाजूला काढू.

तुमची,
मनू